चालत्या वहीची नक्कल

दिवाळी जवळ आली की आमच्या कळसमध्ये पोरे फटाक्यांची वाट पाहतात आणि त्यांचे आईबाप दुधाच्या फरकाची. वर्षभर घातलेल्या दुधावर लिटरमागे जे काही जादा पैसे दिवाळीला हाती पडतात, तो फरक. त्यावर कुणाचे लुगडे ठरलेले असते, कुणाच्या मुलाची फी. हा सारा हिशेब संकलन केंद्रातल्या एका संगणकात असतो, आणि तो सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दसरा होऊन चार दिवस झाले होते. सकाळी सहालाच सचिवांचा फोन आला, "अहो, मशीन उघडंना झालंय!" जाऊन पाहतो तो डिस्क कायमची बसलेली. मी मात्र निर्धास्त होतो. रोज संध्याकाळी सात वाजता डेटाबेसच्या सगळ्या फायलींची नक्कल आपोआप दुसऱ्या डिस्कवर जाईल, अशी व्यवस्था मीच केली होती. रात्री लाईटचा भरवसा नाही, म्हणून सातची वेळ. त्या वेळी केंद्रावर दुधाची ऐन गर्दी असते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

नवी डिस्क घातली, नक्कल चढवली. डेटाबेस उघडला, आणि तेच वाईट झाले. उघडला नसता तर निदान शंका तरी आली असती. एका खात्यावर पशुखाद्याची उचल होती पण दूध नव्हते. दुसऱ्यावर तेच दूध दोनदा होते. त्यात रोजची नक्कल आदल्या दिवशीच्या नकलेवरच लिहिण्याचा शहाणपणा मी केला होता. म्हणजे मागे जायलाही वाट नव्हती.

हे कसे झाले, ते जुन्या पेढीवरच्या दिवाणजींना चटकन कळले असते. ते व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपत आणि मग सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या पानावर चढवत. डेटाबेसही हेच करतो. आता दिवाणजी लिहीत बसले आहेत आणि शेजारी कारकून त्याच खतावणीची पानापानाने नक्कल करतो आहे, असे समजा. पहिले पान त्याने सातला उतरवले, शेवटचे सव्वासातला. मधल्या पाव तासात दिवाणजींनी दोन्ही पानांवर लिहिले. कारकुनाच्या नकलेतले एकही पान खोटे नाही, पण तशी खतावणी कोणत्याही क्षणी अस्तित्वात नव्हती! माझी नक्कल ही अशी होती.

यावरचा उपाय म्हणजे फाइलप्रणालीचा स्नॅपशॉट. नाव मोठे, युक्ती साधी. एका क्षणी संगणकाला सांगायचे, की आत्ता जी पाने आहेत ती अशीच राहिली पाहिजेत. दिवाणजींचे लिहिणे चालूच राहते. फक्त एखादे पान बदलण्यापूर्वी त्याची जुनी प्रत बाजूला ठेवली जाते. लिनक्समधील एलव्हीएम असे करते. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये खुली केलेली झेडएफएस ही प्रणाली जुन्या पानाला हातच लावत नाही, नवे पान घेते. स्नॅपशॉट घ्यायला क्षणभर पुरतो. मग त्या गोठलेल्या क्षणाची नक्कल आरामात तासभर करत बसा.

पण दिवाणजींचा हात अर्ध्या ओळीवर असताना पाने गोठली तर? आमच्या गावात याचे उत्तर समजावून सांगावे लागत नाही. लाईट जाते तेव्हा नेमके हेच होते. पोस्टग्रेससारखा डेटाबेस लाईट जाणार हे धरूनच बांधलेला असतो. पुन्हा सुरू झाला की रोजकीर्द वाचून खतावणी पुरी करतो. स्नॅपशॉटवरून उठवलेला डेटाबेस एवढेच समजतो, की मघाशी लाईट गेली होती. अट एकच, पण कडक: कीर्द आणि खतावणी दोन्ही एकाच क्षणी गोठल्या पाहिजेत. त्या दोन निरनिराळ्या डिस्कवर असतील आणि स्नॅपशॉटही निरनिराळे घेतले, तर पुन्हा तो कारकून आलाच! एलव्हीएममध्ये जुन्या पानांसाठी राखलेली जागा भरली, तर तो स्नॅपशॉटही निकामी होतो.

शिवाय स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतो. ती बसली की तोही बसला. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागून फायली जळाल्या. त्याच कपाटातली दुसरी प्रत अशा वेळी काय कामाची? म्हणून स्नॅपशॉटवरून काढलेली नक्कल मी आता रोज केंद्राबाहेर पाठवतो, आणि प्रत्येक दिवसाची वेगळी ठेवतो.

मोठ्यांचीही अशीच फजिती होते, याचे मला थोडे समाधान आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेसच पुसला गेला. नेहमीच्या नकला निघतच नव्हत्या, आणि तशी सूचना देणारी पत्रेही कुणापर्यंत पोहोचत नव्हती. वाचवले ते सुमारे सहा तासांपूर्वी भलत्याच कामासाठी घेतलेल्या एका एलव्हीएम स्नॅपशॉटने. मधल्या सहा तासांची नोंद मात्र गेली ती गेलीच.

आम्हाला वाचवले ते कागदाने. आधीची पगारपत्रके छापलेली होती. प्रश्न चालू दहा दिवसांच्या दुधाचा होता. पारावर उभे राहून चूक माझी असल्याचे सांगितले आणि प्रत्येकाला आपापल्या पावत्या आणायला विनवले. कुणी देवाच्या तसबिरीमागून आणल्या, कुणी तांदळाच्या डब्यातून. चार रात्री सचिव वाचत होते आणि मी भरत होतो. एका मावशींच्या दोन दिवसांच्या पावत्यांच्या नातवाने होड्या केल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लिहा बाबा अंदाजानं." त्यांनी सांगितलेला आकडा लिहिला. टँकरच्या चलनावरच्या एकूण लिटरमधून बाकी सर्वांचे दूध वजा केले, तेव्हा मावशींनी दोन लिटर कमीच सांगितल्याचे दिसले.

आता दर महिन्याला एका रविवारी जुन्या संगणकावर ती नक्कल चढवून पाहतो. सचिव शेजारी बसतात आणि आधी मावशींचेच खाते उघडायला लावतात. गेल्या खेपेला सकाळचे सात लिटर, संध्याकाळचे साडेपाच. पावतीशी जुळले.