डबा विकणारा आहारतज्ज्ञ कसा?

वर्गात उभं राहण्याआधी मला बी.एड. करावं लागलं. पण आमच्या शेजारच्या खालांना 'काय खायचं' हे शिकवणारा कालपर्यंत मोबाईलची कव्हरं विकत होता. आठ दिवसांचं ट्रेनिंग, छातीवर बिल्ला, झाला 'वेलनेस कोच'!

खालांना जुनी शुगर. रमजानमध्ये त्याने सहरीची डाळ-भाकरी बंद करून पावडर घ्यायला लावली. दुपारी खाला चक्कर येऊन पडल्या. गोळ्या कोणत्या घेता, रोजा ठेवता का, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

लोक म्हणतात, "वजन उतरतं की!" उतरणारच. जेवण तोडलं की कुणाचंही उतरतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तर २०२४ च्या मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठीही प्रोटीन पावडरी टाळा, असं सांगितलंय.

संसदेने २०२१ मध्ये आरोग्याशी संलग्न व्यवसायांसाठी आयोगाचा कायदा केला. आहारतज्ज्ञही त्यात येतात. पण तो कायदा कोल्हापूरच्या गल्लीत पोहोचेपर्यंत काय? सोयरीक जुळवताना आपण चार घरी चौकशी करतो, मग इथे का नाही? विचारा: पोषणशास्त्राची पदवी कुठली? इंडियन डायटेटिक असोसिएशनची 'आर.डी.' नोंदणी आहे का? तुमची औषधं, रोजे, घरचा स्वयंपाक त्याने विचारला का?

आणि सल्ल्याबरोबर डबा पुढे आला, तर तो दुकानदार समजा. दुकानदाराला सलाम जरूर करा. आजार मात्र डॉक्टरला सांगा.