आजोबा, आपखुशीने राबलात ना?

जर्मन कायद्याची शिस्त जगात वाखाणली जाते. वाखाणायलाच हवी. नाझींच्या घेट्टोत उपाशीपोटी राबलेल्या ज्यू म्हाताऱ्याला तिथल्या कामाचं निवृत्तिवेतन हवं असेल, तर त्याने आधी सिद्ध करायचं, की साहेब, मी तिथे आपखुशीने कामाला जात होतो!

हसू नका. २००२ चा कायदा आहे. अटी दोन: काम स्वेच्छेने पत्करलेलं हवं आणि त्याचा मोबदला मिळालेला हवा. भोवती कुंपण, कुंपणापाशी बंदूक, आत भूक, आणि या तिन्हींच्या मधोमध 'स्वेच्छा'! इतकं निरुपाधिक स्वातंत्र्य आपल्या वेदान्त्यांनाही सुचलं नव्हतं.

खरी गंमत पुढेच आहे. त्याच्या दोनच वर्षं आधी, २००० साली, जर्मन सरकार आणि उद्योगांनी मिळून १,००० कोटी मार्कांचा निधी उभारला होता. कशासाठी? सक्तीने राबवलेल्यांना भरपाई द्यायला. छळछावणीतल्या गुलामीला जास्तीत जास्त १५,००० मार्क, तेही हप्त्यांनी. शिवाय अमेरिकी कोर्टांतले खटले आधी निकालात निघाल्याशिवाय पैसे सुटणार नाहीत, ही उद्योगपतींची अट. दानशूरच ते!

म्हणजे या खिडकीवर सांगायचं, 'मला जबरदस्तीने राबवलं.' पलीकडच्या खिडकीवर सांगायचं, 'छे हो, मी राजीखुशीने गेलो.' आणि पलीकडचा कारकून भरपाईच्या जुन्या फायली उपसून विचारणार, 'आजोबा, तेव्हा तर सक्ती म्हणाला होतात?' इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या काठावर रबरी शिक्के!

घेट्टो-निवृत्तिवेतनासाठी सुमारे ७०,००० अर्ज आले. ९० टक्क्यांहून अधिक फेटाळले गेले. वाडगाभर सूप हाही मोबदलाच, हे सर्वोच्च सामाजिक न्यायालयाला उमगायला २००९ उजाडलं. तरी थकबाकी मिळायची चारच वर्षांची. १९९७ पासूनची मिळण्यासाठी २०१४ ची दुरुस्ती लागली. ऐंशी-नव्वदीच्या अर्जदारांनी तोवर मरू नये, ही तिसरी अट कायद्यात लिहिलेली नव्हती, एवढंच.

आता दुसरी रांग बघा. युद्धात जायबंदी झालेल्यांसाठी जर्मनीने १९५० मध्येच पेन्शनचा कायदा केला. वाफेन-एसएस या नाझींच्या सशस्त्र दलाचे जखमी वीरही त्यात बसले. मानवतेविरुद्ध वागलेल्यांना वगळणारं कलम त्यात आलं १९९८ मध्ये. अठ्ठेचाळीस वर्षं कुणाला घाई नव्हती.

कुंपणाच्या आतल्याला स्वेच्छा सिद्ध करावी लागली. बाहेर बंदूक घेऊन उभा होता, त्याला कुणी विचारलंच नाही. त्याची स्वेच्छा बहुधा उघडच दिसत असावी.