हात निसटणारच!

१ ऑक्टोबर २०२४ ला गोविंदाच्या पायात त्याच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. कपाटात ठेवताना हातातून निसटलं म्हणे. लगेच सगळ्यांचा निकाल: "निष्काळजीपणा!" अहो, हात निसटणारच! पडल्यावर गोळी का सुटावी?

२०१७ मध्ये सिग सावरचं पी-३२० पिस्तूल ठराविक कोनात मागच्या बाजूवर आपटलं की सुटायचं. चाप जड, झटक्याने स्वतःच मागे जायचा. कंपनीने हलका चाप बसवून दिला. म्हणजे बग डिझाइनमध्ये होता, 'युजर एरर' नव्हे.

डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाल्यावर आमच्या बीडमधल्या शस्त्रपरवान्यांवरून केवढा गदारोळ झाला. परवाना कुणाला, एवढीच चर्चा. वरातीत कमरेला खोचून नाचणारे मी पाहिलेत. ते पडलं तर काय होईल, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.