कुलूप काढा, फोन राबेल

जुना फोन भंगारात टाकू नका, त्याचा कॅमेरा करा, सेन्सर करा, असं म्हटलं की ठरावीक उत्तरं येतात. हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. बॅटरी फुगली तर घर पेटेल. त्यापेक्षा रिसायकलला द्या, सोनं-तांबं तरी निघेल.

सोनं निघतं, खरं. प्रोसेसर निघत नाही. फोनपायी होणारं बहुतांश कार्बन उत्सर्जन तो घडवतानाच होऊन गेलेलं असतं. भट्टीत घातला की ती किंमत बुडाली. चालत्या यंत्राचं रिसायकलिंग म्हणजे जिवंतपणीच तेरावं घालणं.

रिकामटेकड्यांचा उद्योग? टोफर व्हाइट यांच्या रेनफॉरेस्ट कनेक्शन या संस्थेने सुमात्राच्या जंगलात झाडांवर जुने फोन बसवले. सौरऊर्जेवर चालणारे हे फोन जंगलाचा आवाज मोबाइल नेटवर्कवरून पाठवत. त्यात यांत्रिक करवतीची घरघर सापडली की रक्षकांना इशारा जाई.

बॅटरीचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. रात्रंदिवस चार्जरला लावलेली बॅटरी फुगू शकते. पण एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठातल्या संशोधकांनी बॅटऱ्याच काढल्या, बाहेरून वीज दिली आणि फोन एकमेकांना जोडून चिमुकलं डेटा सेंटर उभं केलं. ते पाण्याखालच्या जीवांच्या निरीक्षणासाठी वापरूनही पाहिलं.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही: फोन सुरू करणाऱ्या बूटलोडरला कंपनीने घातलेलं कुलूप. सॅमसंगने २०१७ मध्ये गॅलेक्सी एस५ चे ४० फोन जोडून बिटकॉइन मायनिंग करून दाखवलं. जुन्या फोनचा बूटलोडर खुला करून द्यायचा, म्हणजे मालकाला हवी ती प्रणाली त्यावर चढवता यावी, असा तेव्हाचा बेत होता. २०२१ मध्ये हाती आली ती बाळ रडलं, कुत्रं भुंकलं, दार वाजलं की कळवणारी सोय; तीही २०१८ पासूनच्या निवडक गॅलेक्सींपुरती. ज्या एस५ वर प्रात्यक्षिक झालं, तोच बाद!

कुलूप काढलं तर चोरांचं फावेल, असं कंपन्यांच्या बाजूने सांगितलं जातं. गूगलच्या पिक्सेलमध्ये आधी सेटिंगमध्ये परवानगी द्यावी लागते आणि बूटलोडर उघडताच सगळा डेटा पुसला जातो. म्हणजे वाट आहे.

युरोपीय संघाने फोनची विक्री थांबल्यावरही किमान ५ वर्षं अपडेट देणं जून २०२५ पासून बंधनकारक केलं. पण सहाव्या वर्षी काय? अपडेट थांबवायचा हक्क कंपनीला हवा असेल, तर त्याच दिवशी बूटलोडरची किल्ली मालकाच्या हाती पडली पाहिजे. आपल्या २०२२ च्या ई-कचरा नियमांत उत्पादकांना रिसायकलिंगची उद्दिष्टं घालून दिली आहेत. किल्ली देण्याची अट त्या उद्दिष्टांच्या आधी यायला हवी.