नियमाआड दडलेला वर्ण

फुटबॉलच्या मैदानात ना वर्ण असतो ना वर्ग, असे ठासून सांगणाऱ्यांनी रिओ द जानेरोच्या वास्को द गामा क्लबचा आरंभीचा इतिहास एकदा वाचावा, अशी आमची विनंती आहे.

ज्या दर्यावर्दीच्या भारतयात्रेला चारशे वर्षे झाली, त्याचे नाव घेऊन २१ ऑगस्ट १८९८ रोजी हा क्लब स्थापन झाला, तो वल्ह्यांच्या शर्यतींसाठी. फुटबॉल तेथे १९१५ साली आला. १९२२ साली दुसरी श्रेणी जिंकून संघ वर चढला आणि १९२३ साली थेट शहराचा विजेता ठरला. त्या संघात कृष्णवर्णीय होते, मिश्रवर्णीय होते, हातावर पोट असणारे कामगार होते. ब्राझीलमधील गुलामगिरी संपून तेव्हा अवघी पस्तीस वर्षे झाली होती!

हा विजय प्रतिष्ठितांना झोंबला. फ्लुमिनेन्से, फ्लामेंगो, बोताफोगो आदी क्लबांनी १९२४ साली वेगळी संघटना उभारली आणि वास्कोला अट घातली : बारा खेळाडू वगळा, मगच प्रवेश. अध्यक्ष जोसे आवगुस्तो प्रेस्तेस यांनी ७ एप्रिल रोजी पत्र लिहून ही अट नाकारली. सहकाऱ्यांचा बळी देण्यापेक्षा त्यांनी बाहेर राहणे पत्करले.

यावर काही जण म्हणतात, वाद वर्णाचा नव्हताच. तो हौशी खेळाच्या शुद्धतेचा होता. वास्कोचे खेळाडू पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या दुकानांत नावापुरते नोकर होते, हे आम्हीही मान्य करतो. परंतु बिनपैशाने खेळणे कोणाला परवडते? ज्याच्या घरची चूल बापाच्या पैशावर पेटते त्यालाच! नियमात वर्णाचा उल्लेख नसेल. पण दाराबाहेर कोण उभे राहिले, ते पाहा. नियमाचे खरे रूप तेथे दिसते.

वास्कोला आम्ही देव्हाऱ्यात बसवू इच्छित नाही. बांगू क्लबाने १९०५ सालीच कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरवला होता. वास्कोचे मोठेपण पहिलेपणात नाही, संकटकाळी न डगमगण्यात आहे. १९२५ साली त्याच संघटनेने त्याला प्रवेश दिला. योग्य मैदान नाही, हाही टोमणा त्याला ऐकावा लागला होता; समर्थकांच्या वर्गणीतून २१ एप्रिल १९२७ रोजी साँव जानुआरिओचे क्रीडागार उभे राहिले आणि तेही उत्तर मिळाले.

म्हणून आम्ही म्हणतो : कोणी ‘पात्रता’ हा शब्द उच्चारला की आधी विचारावे, ही पात्रता ठरवली कोणी?