कागदाआडची लूट

५ जुलै २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने मलकापूर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला. ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे कवच असते. त्यापुढची पुंजी अवसायनाच्या रांगेत अडकते. परवाना जाणे म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे. पांढरपेशा गुन्ह्यात नुसता चुकीचा निर्णय पुरत नाही. ठराव, सह्या, तारणाच्या कागदांतून अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो. ते सिद्ध करण्यात वर्षे जातात: नागपूर जिल्हा बँकेच्या २००२च्या रोखे घोटाळ्यात शिक्षा सुनावली जायला डिसेंबर २०२३ उजाडला. २१ वर्षांत साक्षीदार थकतात, ठेवीदार खचतात. घामाचा पैसा राखायचा असेल, तर प्रत्येक जिल्ह्यातील आर्थिक गुन्हे शाखेला जाणकार लेखापरीक्षक आणि अशा खटल्यांना कालमर्यादा दिलीच पाहिजे.