हे देऊळ इंग्रजांचे नव्हे

आमच्या नगर जिल्ह्यातील (आता कागदोपत्री अहिल्यानगर) धर्मग्रामांच्या महोत्सवी स्मरणिका आम्ही आवडीने जपून ठेवतो. परंतु त्या चाळताना एक गोष्ट आम्हांस नेहमी खटकते. पहिले जेज्वीट धर्मगुरू आले आणि त्यांच्याबरोबरच या मुलखात ख्रिस्ताचे नाव प्रथम आले, असा बहुतेकींचा सूर असतो. गावाच्या दुसऱ्या टोकास जे जुने अँग्लिकन देऊळ उभे आहे, त्याचा उल्लेख नाही. कोणी केलाच तर ‘इंग्रजांचे देऊळ’ एवढा.

ही आत्मप्रौढी आता पुरे झाली, असे आम्हांस स्पष्ट म्हणावयाचे आहे. अमेरिकन मिशन नगरास आले ते 1831 साली. ‘ज्ञानोदय’ तेथेच 1842 साली निघाले. 1870 नंतरच्या दशकात इंग्लंडच्या चर्चची एस. पी. जी. ही मिशन संस्था या खेड्यांत उतरली. आमचे फादर वाइसहाउप्ट केंदळला पोहोचले 1878 साली. म्हणजे आम्ही तिसरे. अँग्लिकन आलेले अमेरिकनांना रुचले नव्हते, आणि आम्ही आलो तेव्हा त्या दोघांनी आम्हांस ओवाळून घेतले असेल असे मानण्याचे कारण नाही! मधल्या काळात 1876 ते 1878चा भीषण दुष्काळ होऊन गेला होता. महारवाडा आणि मांगवाडा अन्नासाठी, शाळेसाठी, माणूस म्हणून कोणी हाक मारावी यासाठी दारोदार पाहत होता. कोणत्या मिशनचा मास्तर कोणत्या वाड्यात आधी पोहोचला, यावर घराणी विभागली गेली. एक भाऊ त्यांच्या देवळात, दुसरा आमच्या. आडनाव एक, आजी एक.

इंग्रजांचे देऊळ म्हणे! छावणीतल्या देवळांच्या भिंतींवर गोऱ्या अधिकाऱ्यांच्या स्मृतिशिळा आढळतात, त्यांना हे नाव शोभेल. खेड्यातील देवळात जमिनीवर बसून मराठीतून प्रार्थना करणारे कोण होते? पाथर्डी तालुक्यातील मिरी येथे मिशनरी म्हणून आलेले फिलिप लॉइड 1929 साली नव्या नाशिक धर्मप्रांताचे पहिले अँग्लिकन बिशप झाले आणि 1944 साली इंग्लंडला सेंट ऑल्बन्सचे बिशप म्हणून परत गेले. साहेब गेले, मंडळी येथेच राहिली. आणि पाळणाघराचाच हिशेब करावयाचा तर आमचे पहिले धर्मगुरू जर्मन जेज्वीट होते. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या नजरकैदेची छावणी नगरलाच होती. म्हणून आमच्या देवळास कोणी ‘जर्मनांचे देऊळ’ म्हटले तर आम्हांस चालेल काय?

तसे पाहता ते देऊळ आता अँग्लिकनही उरलेले नाही. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे उत्तर भारतातील चर्च ऐक्यात आले, आणि एकेकाळी एकमेकांकडे वाकड्या नजरेने पाहणारे अँग्लिकन व अमेरिकन एका छपराखाली बसू लागले. आम्ही बाहेर राहिलो. त्याची ईश्वरविद्येतील कारणे आहेत, ती आम्ही नाकारीत नाही. परंतु अमेरिकन मिशनच्या नारायण वामन टिळकांची भजने आम्ही आमच्या ख्रिस्तयागात डोळे मिटून गातो. गीत चालते, मग शेजारी का चालत नाही?

सर्वांत जास्त बोचते ते लग्नाच्या वेळी. त्या मंडळीतील मुलगी सून म्हणून येणार असे ठरले की आमच्याकडील वडीलधारे हळूच विचारतात, ‘तिचा स्नानसंस्कार पुन्हा करून घ्यायचा ना?’ नाही, करावयाचा नाही! पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने दिलेला स्नानसंस्कार एकदाच असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा ऐक्यविषयक आदेश 21 नोव्हेंबर 1964चा आहे, आणि गंभीर शंका असल्यावाचून तो संस्कार पुन्हा देऊ नये असे 1983च्या धर्मविधी संहितेचे 869वे कलम सांगते. विवाहासाठी धर्माधिकाऱ्यांची परवानगी लागते, ती जरूर घ्यावी. पण त्या मुलीच्या आईवडिलांच्या देवळाचा अपमान करण्याची परवानगी कोणी दिली?

तिच्या स्नानसंस्काराचा पुरावा कोठे आहे? त्याच जुन्या देवळाच्या कपाटातील वहीत. आम्ही अशी वही पाहिली आहे. बाळाचे नाव, बापाचे, आईचे, गाव, तारीख. कडा वाळवीने खाल्लेल्या, मधली पाने ओलीने चिकटलेली. ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता, ज्यांच्या जन्माची नोंद दुसऱ्या कोणाला महत्त्वाची वाटली नाही, त्यांची नावे कोणीतरी शाईने लिहून ठेवली ती येथे. त्या नावांत आमच्याही पणज्या आहेत. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलतींतून ख्रिस्ती दलितांना वगळले, तेव्हा त्यांचा आणि आमचा असा भेद सरकारने केला नाही. तो आम्हीच स्मरणिकांतून करीत आहोत.

दरवर्षी 18 ते 25 जानेवारी हा ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा असतो. एक संयुक्त प्रार्थना, दोन भाषणे, चहा. यंदा चहा झाल्यावर आमच्या तरुणांनी मोबाइल घेऊन त्या कपाटाशी बसावे आणि वहीचे एकेक पान टिपून घ्यावे. एक प्रत त्यांच्याकडे, एक आमच्याकडे. जुन्या कबरींवरील अक्षरेही त्याच दिवशी उतरवून घ्यावीत, पुढच्या पावसाळ्यानंतर ती वाचता येतीलच असे नाही. मात्र आमच्या फादरांनी त्यांच्या पाळकसाहेबांना आठवडाभर आधी विचारावे. किल्ली त्यांच्याकडे असते.